मदत हवी आहे : अंगणवाडीत मुलांची घरची भाषा आणण्यासाठी कोणत्या कायद्याचा आधार द्यावा?

रानवाट (धागाकर्ता) :
नमस्कार. आमच्या गावच्या अंगणवाडीत मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलणाऱ्या एका आजींना मानधनावर नेमावे, असा प्रस्ताव मी दोनदा पाठवला आणि दोन्ही वेळा तो परत आला. या खेपेस ‘मातृभाषा’ या रकान्यातील मी लिहिलेले नाव लाल शाईने खोडून त्यावर ‘कोरकू’ असे लिहिले होते आणि खाली ‘जनगणनेच्या यादीत ही भाषा नाही’ एवढाच शेरा होता. सोमवारपर्यंत सुधारित प्रस्ताव द्यायचा आहे. कृपया लवकर सांगावे.

शब्दवेध :
भाषा कोणती, जिल्हा कोणता, बोलणारे किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय काय सांगणार?

सातपुडा :
भाषा कोणतीही असो, खरा उपाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, समावेश हाच आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो आणि संथाळी त्यात आल्या. अंगणवाडीच्या कागदामागे धावण्यापेक्षा लोकप्रतिनिधींना गाठावे.

रानवाट :
निहाली. बुलढाणा जिल्हा, जळगाव जामोद तालुका. बोलणारे दोन-अडीच हजार असतील. इकडे हे कोणी विचारत नाही, म्हणून लिहायचे राहिले. सातपुडा, संथाळी बोलणारे साठ लाखांहून अधिक आहेत; आमची वाट पाहण्याची ऐपत नाही.

शब्दवेध :
मग शेऱ्याचे उत्तर सोपे आहे. १९७१ पासून जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत. यादीत नाव नसणे हा आकडे छापण्याच्या नियमाचा परिणाम आहे, भाषा नसल्याचा पुरावा नव्हे. उलट, दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशाच भाषांच्या दस्तऐवजीकरणासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत योजना सुरू केली. निहाली ही कोरकूची बोली नाही, हेही ठामपणे लिहावे. कोरकू मुंडा भाषाकुळातील आहे. निहालीने तिच्यातून पुष्कळ शब्द घेतले असले, तरी अभ्यासक निहालीला कोणत्याही ज्ञात कुळात बसवू शकलेले नाहीत. आधार म्हणून मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगणारा राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ आणि शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे सांगणारे शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ द्यावे.

पाटीपेन्सिल :
इथे चूक होते आहे. ३५०-अ प्राथमिक टप्प्यापुरता आहे आणि शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो. अंगणवाडीतली मुले त्याहून लहान असतात. नेमक्या याच मुद्द्यावर प्रस्ताव तिसऱ्यांदा परत येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांपासूनचा पायाभूत टप्पा आणि घरच्या भाषेवरचा भर, दोन्ही आहेत. मुख्य आधार तो घ्यावा आणि ३५०-अ त्यामागे ठेवावा.

अक्षरयात्री :
लिपीचा विचार झाला आहे का? रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथाळीसाठी ओल चिकी घडवली, तशी निहालीलाही स्वतःची लिपी हवी.

पाटीपेन्सिल :
तीन वर्षांच्या मुलाला लिपी नको, बोलणारे माणूस हवे.

किनारा :
सरकारची वाटच कशाला पाहायची? न्यूझीलंडमध्ये १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ सुरू झाले, म्हणजे वडीलधारी माणसे तान्ह्या मुलांशी दिवसभर फक्त माओरीत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, बोलत. माओरीला अधिकृत दर्जा देणारा कायदा १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी आला.

शब्दवेध :
अर्धेच खरे आहे. कायदा नंतर आला, पण त्या बालगटांच्या मुळाशी तिथल्या सरकारच्या माओरी व्यवहार विभागाचे पाठबळ होते. लोकांचा पुढाकार आणि सरकारी पैसा एकत्र आले, म्हणून ते टिकले. रानवाट नेमके तेच मागत आहेत.

रानवाट :
सर्वांचे आभार. धोरणाचा आणि जनगणनेच्या नियमाचा उल्लेख करून नवा मसुदा लिहितो आणि लाल शाईने खोडलेला तो कागदही सोबत जोडतो. आजींच्या घरी काल गेलो होतो. त्या नातीशी निहालीत बोलतात, नात कोरकूत उत्तर देते आणि दोघींनाही त्यात काही वेगळे वाटत नाही. त्या नातीला जून महिन्यात तीन वर्षे पूर्ण होतील. आता एकच अडचण उरली आहे : आजींचे मानधन कोणत्या लेखाशीर्षाखाली मागावे? आदिवासी विकासाच्या निधीतून कोणी अशी नेमणूक मिळवली असेल, तर मंजूर प्रस्तावाची प्रत पाठवावी.