अँबेसेडर १४८९ सीसी: टॅपेट सेट करूनही टकटक

राजवाडेकर, इंदूर: पेट्रोल गाडी. एकाच टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधलं अंतर) सारखी वाढते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) गेला का?

पानावाला: बहुतेक. रॉकर उतरवा, त्याचे चार नट हेडचेही (इंजिनच्या वरच्या झाकणाचेही) आहेत, म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढून हेडचे सगळे नट क्रमाने सैल करा. पुशरॉडवर (टॅपेटपासून रॉकरपर्यंतची काडी) डायल गेज लावून आठही लिफ्ट, म्हणजे काडी किती वर उचलली जाते ते, मोजा. जिथे कमी भरली तो लोब (कॅमचा उंचवटा) झिजलाय. साइड कव्हरमधून टॅपेट (कॅमवर टेकणारे दंडगोल) निघतात. तळ किंचित फुगीर हवा. खोलगट किंवा खड्डे पडलेला असेल तर कॅम आणि आठही टॅपेट नवे. जुने टॅपेट नव्या कॅमवर? अजिबात नको भाऊ.

राजवाडेकर: आणि ऑइल?

छावणी_गॅरेज: २०डब्ल्यू-५० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड), झीज रोखणारं फॉस्फरस ०.१ टक्क्याच्या आसपास. नव्या ऑइलमध्ये कन्व्हर्टरपायी (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) ते कमी असतं. नव्या कॅमच्या लोबवर मॉली पेस्ट (घर्षण कमी करणारा लेप). इंजिन सुरू होताच २० मिनिटं २०००-२५०० आरपीएम. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन हळू) लोबवर तेल नीट उडत नाही.