मदत हवी आहे : प्रशासकाच्या पासवर्डशिवाय लिनक्स या संगणकप्रणालीचे अपडेट कसे करावेत?

चाफा: वडिलांच्या संगणकावर रोज अपडेटची सूचना येते. ते बटण दाबतात आणि लगेच पासवर्डची चौकट उघडते. प्रशासकाचा पासवर्ड देणे शक्य नाही. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

वाटसरू: डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, कोणते आहे? पासवर्ड विसरला आहे, की दुसऱ्या कोणाकडे आहे?

निरंतर: विसरला असल्यास ग्रबच्या (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या) मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या स्थितीत, जाऊन रूट शेल (सर्वाधिकारी 'रूट' खात्याने आज्ञा देण्याची जागा) उघडावे आणि नवा पासवर्ड ठेवावा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बिघडला असे समजू नये.

चाफा: पासवर्ड विसरलेला नाही, तो माझ्याकडे आहे. उबुंटू २२.०४ आहे. वडिलांचे खाते साधे आहे आणि मी त्यांच्याजवळ राहत नाही.

अवलिया: मग सोपे आहे. व्हिसुडो (प्रशासकाचे अधिकार कोणाला, ते ठरवणारी फाइल बदलण्याचे साधन) उघडून वडिलांच्या खात्याला केवळ 'ॲप्ट'साठी (प्रोग्राम बसवणारी व अपडेट करणारी आज्ञा) 'नोपासवर्ड'ची, म्हणजे पासवर्ड न विचारण्याची, सवलत द्यावी. मी अनेक वर्षे असेच करत आलो आहे.

वाटसरू: हा सल्ला कृपया मानू नये. ॲप्टला दिलेल्या पर्यायांमधून रूटच्या अधिकाराने हवी ती आज्ञा चालवता येते. म्हणजे 'केवळ ॲप्ट' म्हणत आपण संपूर्ण संगणकाच्या किल्ल्या देतो.

अवलिया: घरच्या संगणकावर घरचेच माणूस असताना एवढी भीती कशाला?

वाटसरू: वडिलांवर अविश्वास नाही, त्यांच्या खात्यात शिरलेल्या घातक प्रोग्रामलाही तीच सवलत मिळेल, हा मुद्दा आहे. चाफाताई, उबुंटूमध्ये 'अनअटेंडेड अपग्रेड्स' (आपोआप अपडेट करणारी सोय) बहुधा आधीच चालू असेल, परंतु मुळात ते सुरक्षेचे अपडेट घेते. उरलेल्यांसाठी ती चौकट येत असावी. भेटीला जाल तेव्हा त्याच्या '५०' या अंकाने नाव सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'अपडेट्स' या शब्दाने संपणाऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा काढा (त्यांच्यामुळे ती ओळ निष्क्रिय असते) आणि 'ड्राय रन', म्हणजे प्रत्यक्ष काही न बसवता चाचणी, करून पाहा.

मोरपीस: ॲप्ट सोडून सर्व काही फ्लॅटपॅकने (ॲप्स बसवण्याची वेगळी पद्धत) घ्यावे, केवळ आपल्या खात्यापुरते बसवल्यास त्याला पासवर्ड लागत नाही.

वाटसरू: फ्लॅटपॅकने कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अद्ययावत होत नाही.

चाफा: काल जाऊन त्या रेघा काढल्या. ड्राय रनमध्ये प्रलंबित पॅकेजेसची (अपडेट व्हायच्या प्रोग्रामांची) नावे दिसली. परंतु वडील संगणक कधी बंद करत नाहीत, केवळ झाकण मिटतात. तेवढ्याने चालेल का?

वाटसरू: झाकण उघडून संगणक चालू असताना पॅकेजेस बसतील, परंतु नवे कर्नल रीस्टार्टनंतरच लागू होते आणि आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय मुळात बंद असते. आठवड्यातून एकदा संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्यास त्यांना सांगावे.