कूपर ब्लॅकसोबत देवनागरी कुठला फॉन्ट शोभेल? मदत हवी आहे

मंडळी, बहिणीच्या घरगुती लोणच्याच्या बरणीसाठी लेबल करतेय, तिला जुन्या काळचा लुक हवाय म्हणून इंग्रजी नावाला कूपर ब्लॅक घेतला. ऑस्वाल्ड कूपरचा शिकागोतला फॉन्ट, १९२२ चा, इझीजेटच्या विमानांवर पण तोच आहे. मला फार आवडतो तो, सेरिफ (अक्षरांच्या टोकांच्या छोट्या आडव्या रेघा) आहेत पण टोकं सगळी गोल, एवढा जाड असून अंगावर येत नाही. फक्त मोठ्या साइजलाच खुलतो, साहित्य आणि वजन त्यात टाकलं तर इंग्रजी a आणि e ची पोटं भरून जातात, म्हणून बारीक मजकुराला कॅस्लॉन लावलाय.

अडलंय मराठी नावापाशी. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोदक आणि बलू दोन्ही फॉन्ट लावून बघितले, मोदक जरा जास्तच फुगीर, बलू छान गोल आहे पण शेजारी ठेवला की अगदी आजचा वाटतो. देवनागरीत जाड, गोल टोकांचा, थोडा जुन्या छापखान्याच्या वळणाचा आणि जोडाक्षरं नीट येणारा (नावात ‘क्क’ आहे) असा कुठला फॉन्ट कोणी वापरलाय का? लायसन्स कमर्शियल वापराचं हवं, विकत घ्यायची तयारी आहे. की सरळ चांगल्या पेंटरकडून हाताने अक्षरं काढून घेऊ?