वितळलेलं की विरघळलेलं? 'मोल्टन सॉल्ट'ला मराठीत काय म्हणावं?

सातारा
मी दहावीला विज्ञान शिकवते. थोरियमच्या 'मोल्टन सॉल्ट रिॲक्टर'वर मुलांसाठी टिपण लिहिताना पहिल्याच ओळीत अडले. एका मुलानं वहीत 'विरघळलेल्या मिठाची अणुभट्टी' असं लिहून आणलंय. 'विरघळलेल्या' मी खोडलं. पण 'मीठ' म्हटलं की मुलांना जेवणातलंच मीठ दिसतं. योग्य शब्द कोणता?

विटा
मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या गलाईचं काम आहे. चांदी ॲसिडमध्ये विरघळते, सोनं मुशीत वितळतं. विरघळायला दुसरा पातळ पदार्थ लागतो, वितळायला नुसता ताव पुरतो. तेव्हा 'वितळलेला'च बरोबर.

पण त्या मुलाला पुरतं चूक ठरवू नका, कारण या भट्टीत दोन्ही घडतं. लिथियम आणि बेरिलियमच्या फ्लोराइडांचं मिश्रण साधारण ४६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्या रसात युरेनियम, थोरियमची फ्लोराइडं विरघळलेली असतात. 'वितळलेल्या क्षारात विरघळलेलं इंधन' एवढंच फळ्यावर लिहा. नेहमीच्या भट्टीत इंधन घन कांड्यांत बंद असतं, इथं ते वाहतं. शिवाय हा रस उकळायला हजार अंशांच्याही बराच वर जावं लागतं, म्हणून पाण्याच्या भट्टीसारखा प्रचंड दाब ठेवावा लागत नाही.

आणखी एक शब्द सुचवतो, 'थिजणे'. भट्टीच्या तळाला त्याच क्षाराचं बूच थंड हवेनं थिजवून ठेवतात. वीज गेली की ते आपोआप वितळतं आणि सगळा रस खालच्या टाकीत उतरतो. चारशे अंशांवरच्या पदार्थाला 'गोठला' म्हणणं कानाला बरं वाटत नाही. तुपासारखा तो थिजतो.

मिरज
'क्षार'ला माझंही मत. आपल्या पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी, क्षार असंच आहे. हिंदीत 'क्षार' म्हणजे अल्कली, म्हणून तिकडे 'लवण' लिहितात. तिथून उतरवलेल्या लेखांतून ते आपल्याकडे येतं.

मात्र कृष्णाकाठच्या माणसाला 'क्षार' ऐकलं की क्षारपड जमीन आठवते, आणि ते इथं लागू पडतं: जमिनीसारखाच इथं भट्टीचा धातू खराब होतो. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ अशी भट्टी चालली. तिच्यासाठी निकेलचा खास मिश्रधातू बनवला होता, तरी अणूंच्या विखंडनातून निघणाऱ्या टेल्युरियम या मूलद्रव्यामुळे त्याच्या पृष्ठभागाला बारीक भेगा पडल्या. वर्षानुवर्षं टिकेल असा धातू, हे या तंत्राचं खरं दुखणं आहे. त्या भट्टीत थोरियम नव्हतं, हेही टिपणात यावं. १९६८ मध्ये ती थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-२३३ वर मात्र चालवली.

कराड
'थोरियम इंधन' हा शब्द मला खटकतो. थोरियम आपणहून पेटत नाही. ते न्यूट्रॉन गिळतं, त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं, त्याचा अर्धायुकाल २७ दिवस, आणि त्यातून युरेनियम-२३३ तयार होतं. तेच खरं इंधन. पहिले न्यूट्रॉन द्यायला युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम लागतं. उसाला बेणं लागतं, तसं. केरळच्या वाळूत थोरियम भरपूर आहे, पण बेण्याशिवाय ते नुसतं रान.

सातारा
'वितळक्षार अणुभट्टी' लिहिते. थोरियमसारख्या, स्वतः इंधन नसून ज्यापासून इंधन बनतं अशा पदार्थाला इंग्रजीत 'फर्टाइल' म्हणतात; त्याला 'सुपीक' लिहिणार होते, ते आता थांबवते. बेण्याचं उद्या सांगून बघते. निम्मी मुलं ऊसवाल्यांच्या घरचीच आहेत.