मदत हवी आहे: रग्बीत स्क्रम-हाफची जर्सी ७ क्रमांकाची की ९?

माझा चौदा वर्षांचा मुलगा मुंबईत पंधरा खेळाडूंची रग्बी खेळतो आणि स्क्रम-हाफची, म्हणजे स्क्रममधून (दोन्ही संघांच्या आघाडीच्या खेळाडूंनी एकमेकांना रेटण्याच्या झुंजीतून) आलेला चेंडू उचलून पुढे देणाऱ्याची, जागा सांभाळतो. सिडनीला राहणाऱ्या त्याच्या आत्याने वाढदिवसासाठी तिथल्या दुकानात ‘हाफबॅकची जर्सी द्या’ असे सांगून ७ क्रमांकाची जर्सी घेतली व पाठवली. ती घालून तो सरावाला गेला, तेव्हा प्रशिक्षकांनी ‘हा फ्लँकरचा (स्क्रमच्या कडेच्या खेळाडूचा) आकडा आहे, तुझा ९’ असे सांगितले. आत्या आपल्या म्हणण्यावर ठाम आहे आणि मुलगा तो आकडा उसवायला कात्री घेऊन बसला आहे. यात दुकानदाराची चूक मानावी, की या आकड्यांचा इतिहासच वेगळा आहे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद:

कात्री आधी काढून घ्यावी, कारण आत्या आणि प्रशिक्षक दोघांचेही बरोबर आहे. सिडनीत अधिक लोकप्रिय असलेली रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा खेळ असून, बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याच्या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लब १८९५ मध्ये वेगळे झाले, तेव्हा त्याचा उगम झाला. लीगमध्ये मोजणी मागून पुढे होते, म्हणजे फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू) १, हाफबॅक (स्क्रम-हाफसारखीच जागा) ७ आणि स्क्रममधले खेळाडू ८ ते १३. आपला मुलगा तिथे ९ आकडा घालून उतरला, तर त्याला हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतला मधला खेळाडू, समजतील!

गंमत अशी की ब्रिटनमध्ये युनियनचीही, म्हणजे आपला मुलगा खेळतो त्या पंधरा खेळाडूंच्या रग्बीचीही, मोजणी पूर्वी फुलबॅकपासूनच होत असे. पुढे ती उलटी झाली, आघाडीच्या फळीतला डावा प्रॉप १ आणि फुलबॅक १५ झाला, आणि १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी बोर्डाने हाच क्रम प्रमाण ठरवला. लीगने मात्र जुनी दिशा सोडली नाही, म्हणून आत्याची जर्सी जुन्या वळणाची म्हणायला हरकत नाही.

त्याआधी आकड्याचा जागेशी संबंध असायलाच हवा असेही नव्हते. १८९७ मध्ये ब्रिस्बेनला न्यूझीलंडच्या खेळाडूंनी १ ते १५, तर क्वीन्सलँडच्या खेळाडूंनी १६ ते ३० आकडे घातले होते. असे आकडे प्रेक्षकाला खेळाडू ओळखता यावा एवढ्यासाठीच असत. इंग्लंडमधला लेस्टर क्लब तर कित्येक वर्षे आकड्यांऐवजी अक्षरे वापरत होता. स्कॉटलंडला हा प्रकारच पसंत नव्हता. राजे पाचवे जॉर्ज यांनी स्कॉटलंडच्या खेळाडूंच्या पाठीवर आकडे का नाहीत असे विचारले, तेव्हा स्कॉटिश रग्बी संघटनेचे पदाधिकारी जेम्स एकमन स्मिथ यांनी हा रग्बीचा सामना आहे, गुरांचा बाजार नव्हे, असे सुनावल्याचा किस्सा आजही सांगतात.

युनियनमध्येही सगळीकडे एकच रीत नाही. फ्लँकरांपैकी मोकळ्या बाजूचा (स्क्रमच्या ज्या बाजूला जास्त मैदान मोकळे असते तिथला) खेळाडू इंग्लंड-न्यूझीलंडमध्ये ७ घालतो, तर दक्षिण आफ्रिकेत तोच ६ घालतो. सामन्याला ९ क्रमांकाचीच जर्सी लागेल, तेव्हा ही ७ क्रमांकाची घरच्या सरावासाठी ठेवावी, आणि आत्याला फोन करायचा असेल तर हुकरची गोष्ट आधी सांगावी.