मदत हवी आहे : स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या भावासाठी अर्धवेळ काम

ऐरोलीत राहणारा माझा धाकटा भाऊ (वय 29, बी.कॉम., टॅली येते) स्किझोफ्रेनियावरील उपचारांनंतर दोन वर्षे स्थिर आहे, हे त्याला विचारूनच लिहीत आहे. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी दहापर्यंत सुस्ती असते, त्यामुळे रात्रपाळी किंवा पहाटेची लोकल जमणार नाही, मात्र अकरा ते चार बसून तो हिशेब चोख करतो. दोन मुलाखतींत मधल्या चार वर्षांच्या खंडाचे खरे कारण सांगताच विषय संपला. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि त्याच्याकडे 45 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही आहे, परंतु सरकारी भरतीची वाट पाहणे परवडणारे नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कामासाठी कोणाकडे अर्ज करावा, आणि आजाराचा उल्लेख अर्जातच करावा की नेमणुकीनंतर?