प्रतिसाद: बंब की न्हाणीतली चूल?

गुहागरकडच्या घरात चार माणसांच्या आंघोळीसाठी काय बसवावं, असं विचारलंय. खोली गरम करायचा प्रश्न कोकणात नाहीच, पाणीच तापवायचं आहे. मग तांब्याचा २५ लिटरचा बंब घ्या. तेवढं पाणी ७० अंशांपर्यंत तापवायला सव्वा किलोच्या आसपास सुकी लाकडं लागतात आणि विसण (थंड पाणी) घालून ७५ लिटर आंघोळीचं पाणी होतं. उघड्या चुलीवर याच्या दुप्पट तरी जळतं, कारण बरीचशी आच हंड्याच्या बाजूने निसटते. बंबात जाळ मधल्या नळीतून वर जातो आणि पाणी त्या नळीभोवती असतं.

घेताना मधली नळी आणि तळाचा जोड नीट बघा. गळती तिथेच सुरू होते. पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, नाहीतर डाख (सांध्यात भरलेला मऊ धातू) वितळून जोड सुटतो. पाणी ओतायचं तोंड आणि गरम पाणी बाहेर पडायची वरची तोटी, दोन्हींपैकी एकही कधी बंद करू नका. वाफ कोंडली तर बंब फुटतो. नळाला थेट जोडायचा मोह तर टाळाच.

जळणाला सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या, झावळ्यांचे पिढे (देठाकडचे जाड भाग) उत्तम. काजूच्या बियांची टरफलं नकोत, त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्याघशाला झोंबतो. समुद्रावर वाहून आलेलं लाकूडही नको, त्यातलं मीठ धातू खातं. पावसाळ्याचं जळण मे संपायच्या आत पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच रचा. ओलं जाळलंत तर नळीत काजळी धरते आणि धूर मागे फिरतो. बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून बंब बाहेर पत्र्याखालीच ठेवा.